बाटलीवरची वासरं

धामणमळ्यात गाय व्यायला लागली की पहिला फोन चांगदेव रोकडेला जायचा. घरधनी मुंबईला असला तर त्याला नंतर कळवलं तरी चालायचं. चांगदेव जनावरांच्या सरकारी दवाखान्यात परिचर. कागदोपत्री त्याचं काम झाडलोट करणं, लसींच्या पेट्या उचलणं आणि डॉक्टरनं सुई टोचताना जनावर धरणं एवढंच. पण मळ्यातली माणसं त्याला कंपाउंडर म्हणायची, आणि डॉक्टर बदलून गेले तरी ह्याला बदलू देऊ नका म्हणून सह्यांचा अर्जही एकदा करून झाला होता. निमगाव साव्याच्या अलीकडे, ओढ्याला लागून पंचवीस-तीस उंबऱ्यांची ही वस्ती. दुधावर चालणारी, त्यामुळे गाय आजारी पडली की अख्ख्या घराचं तोंड उतरायचं.

चांगदेवच्या आजोबांनी छप्पन सालानंतर दीक्षा घेतली आणि मेलेली ढोरं ओढणं त्या दिवसापासून बंद केलं. वडील गवंडीकामाला लागले. पोराला नोकरी लागली ती नेमकी जनावरांच्या खात्यात, तेव्हा वडलांना ते रुचलं नव्हतं. आपण जे सोडलं तिकडेच तू कशाला परत चाललास, असं ते म्हणाले. चांगदेव तेव्हा बावीस-तेवीसचा, तोंडाचा तिखट. तो म्हणाला, "आज्यानं मेलेली वढली. मी जितीच ठेवतो की."

बोलणं सोपं होतं. पहिली काही वर्षं तो गोठ्यात शिरला की बाया दुधाची भांडी आत ओढून घ्यायच्या. कुणी वाईट बोलायचं नाही, आपलं काहीतरी काम आठवल्यासारखं करून चरवी उचलायची आणि पदराआड न्यायची. हे सगळं संपलं ते एका वासरापायी. हौशीराम गाडग्याची गाय विताना गेली आणि मागं ओलं वासरू राहिलं. चांगदेवनं शेजारच्या गाईचा चीक मागून आणला, दोन बोटं वासराच्या तोंडात घातली, ते बोटं चोखायला लागलं तसं हळूच हात चिकाच्या पातेल्यात उतरवला. वासरू प्यालं, जगलं. हौशीरामच्या बायकोनं त्या दिवशी पातेलं उचललं नाही.

पुढं हौशीरामनं बेल्ह्याच्या बाजारातून मैना आणली. काळी-पांढरी, रुंद पाठीची, आणि व्याली की चीक एवढा द्यायची की वासराला पुरून घरोघर खरवस व्हायचा. हा चीक पाहून चांगदेवच्या डोक्यात कल्पना आली, आणि तिचा त्याला पुढं आठ वर्षं अभिमान होता. दवाखान्यातल्या फ्रीजच्या वरच्या कप्प्यात त्यानं मैनेचा चीक पाण्याच्या बाटल्यांत भरून गोठवायला सुरुवात केली. ज्याची गाय विताना मेली किंवा जिला पान्हा फुटला नाही, त्याच्या घरी चांगदेव बाटली घेऊन हजर. बाटली कोमट पाण्यात ठेवायची, चीक पातळ झाला की पाजायचा. उकळायची भानगड नाही, कारण चीक उकळला तर त्याचा खरवस होतो, मग वासराच्या पोटात काय जाणार, हे शेंबड्या पोरालाही कळतं. अशी चौदा वासरं त्यानं वाचवली. त्यांना तो 'माझी बाटलीवरची' म्हणायचा. त्याच्या मोटरसायकलचा आवाज आला की ती दावं ताणून रस्त्याकडं तोंड करायची, मोठी झाली तरी करायची.

मग दोन वर्षांमागं गोरखच्या गाईला, चंद्रीला, हगवण लागली.

हगवण जनावराला लागते आणि जातेही. हिची गेली नाही. ताप नाही, डोळे लख्ख, टोपलंभर घास टाकला तर टोपलंभर खायची आणि आणखी मागायची. आणि तरी दर आठवड्याला ती कमी होत होती. आधी पाठीचा कणा दिसायला लागला, मग बरगड्या, मग खुब्याची हाडं. जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबायला लागली. गोरख म्हणायचा, ही खाती ते जातंय कुठं? रात्रंदिवस तोंड चालू आणि अंगावर काही नाही. त्याची बायको तर तिच्यापुढं वैरण टाकायला घाबरू लागली, कारण चंद्री खाता खाता मधेच थांबून तिच्याकडं बघायची आणि पुन्हा खायला लागायची.

चंद्रीपाठोपाठ दुसऱ्या घरी एक, मग वरच्या आळीला एक. आठ महिन्यांत पाच. सगळ्या तरण्या, दुसऱ्या-तिसऱ्या वेताच्या. त्याच गोठ्यात, त्याच दावणीला बांधलेल्या इतर गाई मात्र धडधाकट. रोग असता तर सगळ्यांना झाला असता, असं माणसं बोलू लागली. वेचून वेचून नेतंय म्हणजे नेणारं कुणीतरी आहे. कुणीतरी कुठूनसा भगत आणला. तो आला, मळाभर फिरला आणि म्हणाला, जिच्या हातात तुमच्या गाईचा पहिला चीक पडतो तिला विचारा.

आता असा हात मळ्यात एकच होता. कोंडाबाई ओढ्याकाठी एकटी राहायची, ऐंशीच्या घरातली. दवाखाना नव्हता त्या काळात अडलेली गाय तीच सोडवायची, कोपरापर्यंत हात घालून वासरू फिरवायची. तेव्हापासूनची रीत होती, गाय व्याली की पहिल्या दिवशीच्या चिकाचा तांब्या कोंडाबाईला द्यायचा. हात घालायचं काम चांगदेवकडं गेलं, तांब्या तिच्याकडं राहिला. ती यायची, वासराच्या पाठीवरून हात फिरवायची, टक लावून बघायची आणि तांब्या घेऊन जायची. घरी जाऊन चुलीवर खरवस करायची. एवढंच तिचं सगळं कारस्थान. पण भगत सांगून गेल्यावर माणसांना तिचं टक लावून बघणं आठवायला लागलं. आपल्या दारी ती कितीदा आली, किती वेळ बसली, हे सगळं आठवायला लागलं. तांब्या बंद झाला. मग ताक बंद झालं.

चंद्री मेली ती भर दुपारी, घास तोंडात असताना. दवाखान्यात नव्यानं आलेल्या डॉक्टर मोहिनी डुंबरे यांनी हट्टच धरला, फाडून बघितल्याशिवाय पुरायची नाही. जेसीबीनं ओढ्याच्या वरच्या अंगाला खड्डा काढला होता, त्याच्या कडेला मॅडमनी हातमोजे घालून पोट उघडलं. चांगदेव आतडं धरून उभा होता. त्यानं आजवर पुष्कळ आतडी पाहिली होती. हे धरताच त्याला कळलं की हे वेगळं आहे. सायकलच्या टायरसारखं जाड, जड. मॅडमनी लहान आतड्याचा शेवटचा भाग उभा चिरला आणि आतलं अंग उलगडून दाखवलं. तिथं मेंदूला असतात तशा वळ्या पडल्या होत्या, एकीला लागून एक, गच्च. पाणी ओतलं, अंगठ्यानं ताणलं, तरी वळ्या जाईनात. जणू त्या पोटात इतकी वर्षं कुणीतरी बसून विचार करत होतं, असं चांगदेवला वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्यात दोघंच होती. मॅडमनी त्याला सूक्ष्मदर्शकापाशी बोलावलं. निळ्या पाण्यात लाल काड्यांचे पुंजके दिसत होते, दाटीवाटीनं बसलेले. हा जोन्स रोग, मॅडम म्हणाल्या, औषध नाही. ह्या काड्या चंद्रीच्या पोटात आज-काल गेलेल्या नाहीत. ती वासरू असताना गेल्यात, बहुतेक जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत.

आत शिरल्या कशा, चांगदेवनं विचारलं.

मॅडमना शिकवायची हौस होती. त्यांनी जुन्या पावतीच्या पाठीवर चित्र काढलं. आतड्याच्या आतल्या अंगाला पेशींची भिंत असते, एकीला एक चिकटलेल्या. पण त्या भिंतीत मधे मधे थोड्या निराळ्या पेशी असतात, त्यांना एम पेशी म्हणतात. त्यांचं काम दारावर बसायचं. पोटातून जे जे जातं त्यातला नमुना उचलायचा आणि भिंतीपलीकडं आतल्या राखणदार पेशींच्या हातात द्यायचा, बघा बरं हे कोण आलंय म्हणून. वासराला जगाची ओळख अशीच होते. हा जंतू बरोबर त्याच दारी जातो. भिंत फोडत नाही, भांडत नाही. ती पेशी आपलं काम म्हणून त्याला उचलते आणि स्वतःच्या हातानं आत नेऊन देते. आतला राखणदार त्याला गिळतो, आणि हा त्याच्याच पोटात बिऱ्हाड करतो. मग दोन वर्षं, तीन वर्षं, कधी पाच वर्षं काहीच कळत नाही. गाय वाढते, गाभण राहते, दूध देते. आणि एक दिवस हगवण लागते.

"काका," मॅडमनी विचारलं, "ह्या पाची गाईंना लहानपणी एकाच गाईचं दूध किंवा चीक पाजला होता का कुणी?"

"नाय," चांगदेव म्हणाला.

तो इतक्या पटकन म्हणाला की त्याचं त्यालाच नवल वाटलं. खरं तर मॅडमचं चित्र पुरं व्हायच्या आतच त्याच्या डोळ्यांपुढं पाचही वासरं उभी राहिली होती. पाची त्याची. पाची बाटलीवरची. दारावर बसून, चांगल्या मनानं, ज्यानं जंतू उचलून आत दिला तो कोण, हे त्याला पावतीच्या पाठीवर काढलेलं दिसत होतं. त्यानं काच पुसून डबीत ठेवली आणि फ्रीजच्या वरच्या कप्प्यातल्या सहा बाटल्या, मॅडम जेवायला गेल्यावर, दवाखान्यामागच्या खड्ड्यात ओतून वर चुना टाकला.

मॅडमनी मळ्यातल्या सगळ्या गाईंचं रक्त पुण्याच्या प्रयोगशाळेला पाठवलं. पंधरा दिवसांनी निकालाचा कागद आला. आजारी होत्या त्यांचा अंदाज होताच. शिवाय दोन धडधाकट दिसणाऱ्या निघाल्या, त्यांतली एक हौशीरामची मैना. मॅडमना खरं वाटेना, कारण मैना गलेलठ्ठ, कातडी तुकतुकीत, अजून दोन वेळचं भांडं भरून दूध देणारी. शेणही तपासलं, त्यात त्याच लाल काड्या. काही गाई अशा असतात, मॅडम म्हणाल्या, स्वतःला काही होऊ देत नाहीत, दुसऱ्यांना वाटत राहतात. तिची वासरं कुठंयत? चांगदेव म्हणाला, बेल्ह्याच्या बाजारात विकली सगळी, कुठं कुठं गेली कुणास ठाऊक. एवढं खरं तो बोलला.

ह्यापुढचे आठ दिवस त्याला जेवण गेलं नाही. खोटं बोलणारा माणूस तो नव्हता, पण कुठल्या दारात पाऊल पडायला त्याला किती वर्षं लागली होती हे त्यालाच ठाऊक होतं. गोरखच्या, हौशीरामच्या, वरच्या आळीच्या. आपण सांगितलं तर ही दारं पहिल्यासारखी होतील, ह्याची त्याला भीती वाटत होती. नाही सांगितलं तर म्हातारीचं काय व्हायचं ते होत होतंच. मॅडमनी रोगाचं नाव सांगून पाहिलं होतं, पण तो वेचूनच का नेतो हे त्यांना सांगता येईना, आणि डेअरीवर ठरलं होतं की येत्या अमावास्येच्या आत कोंडाबाईनं झोपडीला कुलूप लावून मळा सोडायचा. कुठं जायचं ते तिचं तिनं बघावं. तिला कुणी नव्हतं. मॅडमनी पोलिसांत जाते म्हटलं, तेव्हा चांगदेवच म्हणाला, पोलीस येतील आणि जातील, म्हातारीला राहायचं ह्यांच्यातच आहे.

त्याच आठवड्यात त्याच्या घरची सोनी पातळ हगली.

सोनीही बाटलीवरचीच, तीन वर्षांची, रत्नाच्या जिवाची. प्रयोगशाळेचा कागद तिचंही नाव सांगत होता, पण चांगदेवनं घरात सांगितलं नव्हतं. संध्याकाळी तो वैरण टाकायला गेला तर सोनीनं वैरणीकडं बघितलं नाही. मान लांब करून तिनं त्याचा हात हुंगला, आणि जिभेनं दोन बोटं ओढून तोंडात घेतली. वासरू चोखतं तशी ती चोखायला लागली. तीन वर्षांची गाय, पोटात वासरू असलेली, डोळे मिटून त्याची बोटं चोखत होती. त्याला हात सोडवून घेववेना. तिला आणखी हवं होतं, पहिल्यांदा ज्यानं दिलं त्याच्याकडून हवं होतं, आणि त्यानं काय दिलं होतं ते त्याला माहीत होतं. तो तसाच उभा राहिला, पाय भरून येईपर्यंत.

मागं वळला तर दारात रत्ना. तिच्या हातात काळ्या दोऱ्यात ओवलेली बिब्ब्याची माळ. रत्ना विहारात न चुकता जाणारी, भगताला हसणारी बाई. ती खाली मान घालून म्हणाली, की मी काही मानत नाही, पण सोनी झाली तेव्हा कोंडामावशी आली होती, बराच वेळ बघत बसली होती. बांधली तर बिघडतं कुठं? आपण गप्प बसल्यामुळं हे आपल्या उंबऱ्याच्या आत आलं, ह्याची चांगदेवला मनस्वी लाज वाटली.

सकाळी डेअरीवर दूध घालून माणसं थांबलेली होती. कोंडाबाईला बोलावलं होतं. ती काठी टेकत आली आणि पायरीवर बसली. गोरखनं विचारलं, मळा कधी सोडतेस. चंद्री त्याची गेली होती, त्याचा आवाज चढला होता, आणि खरं सांगायचं तर त्याला दोष देता येत नाही. कोंडाबाई रडेल, शिव्या देईल, असं सगळ्यांना वाटलं होतं. तिनं आपले दोन्ही तळहात पुढं धरले आणि त्यांच्याकडं बघत म्हणाली, "असंलबी बाबा. मलाबी आताशा तसंच वाटाया लागलंय. मी बघितलेलीच जातायत. माज्या डोळ्यात काय बसलंय मला म्हाईत नाय."

ती हे खोटं बोलत नव्हती, हे सगळ्यात भयंकर होतं. तिच्या तोंडाकडं बघणाऱ्यांनी नजर वळवली. चांगदेव दुधाच्या कॅनपाशी उभा होता, तो पुढं आला.

"मावशीनं काय केलं नाय," तो म्हणाला. "मी केलंय."

माणसं आधी हसली. भाऊ, म्हातारीला वाचवायला आळ कशाला घेताय, असं कुणीतरी म्हणालं, तुमच्या हाताला तर यश आहे. तेव्हा चांगदेवनं एकेक गाय सांगितली. कुणाच्या घरची, कुठल्या साली झाली, आईला काय झालं होतं, त्यानं बाटली कधी आणली. चंद्री. वरच्या आळीची तांबडी. शेवटी सोनी. मग विचारलं, मी पाजलेली नाही आणि तरी अशी झाली, अशी एक गाय सांगा. माणसं आठवू लागली. कुणाला सांगता येईना. मावशी तर मळ्यातल्या सगळ्याच वासरांना बघते, तो म्हणाला, बाकीची कशी धड राहिली? तिनं चीक नेला तो चुलीवर शिजवून खाल्ला, त्यातलं काही जितं राहिलं नसेल. मी कच्चा पाजला.

हौशीराम उठला. माझ्या मैनेला नाव ठेवतोस का, एवढंच तो म्हणाला, पण त्याचा स्वर भांडणाचा नव्हता. मैनेचा कागद त्याच्याकडं आला होता. कागद घरात ठेवून तोही आठ दिवस गप्पच होता.

गोरख चांगदेवच्या जवळ येऊन उभा राहिला. "चंद्रीला तुमीच पाजलं व्हतं," तो म्हणाला. "माज्या मांडीवर तिची मान व्हती."

"व्हय."

गोरखनं आपला रिकामा कॅन उचलला आणि गेला. कोंडाबाई पायरीवर तशीच बसून होती, तिला घरी जा म्हणून सांगावं लागलं.

मॅडम चांगदेववर चिडल्या, तो नाय म्हणाला होता म्हणून. पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी मळ्यात बैठक घेतली आणि नियम घालून दिले. लागण झालेल्या गाई वेगळ्या बांधायच्या, त्या बाजारात कुणाच्या गळ्यात मारायच्या नाहीत. एका गाईचा चीक दुसरीच्या वासराला द्यायचा नाही. आणि गाय विताना बाहेरचं माणूस, विशेषतः ज्याच्या घरी लागण आहे असं माणूस, गोठ्यात घ्यायचं नाही, पायाला शेण लागून येतं. मॅडम सांगत होत्या, आणि ज्यांना समजलं नाही त्यांना चांगदेव आपल्या भाषेत समजावत होता. मैना हौशीरामनं विकली नाही, शेवटपर्यंत वेगळ्या छपरात ठेवली. सोनी उन्हाळ्यात गेली.

माणसं चांगदेवशी वाईट वागली नाहीत. रस्त्यात भेटली की बोलायची, पावसापाण्याचं विचारायची. फोन मात्र कमी झाले. तो रत्नाला म्हणायचा, बरं आहे, वय झालं, झोप तरी पुरी होते.

भादव्यात एका सकाळी गोरखचा फोन आला. गाय अडली होती, मॅडम जुन्नरला बैठकीला गेल्या होत्या. चांगदेव पायताणं धुऊन, साबणानं हात कोपरापर्यंत घासून पोहोचला. गोठ्याच्या तोंडाशी गोरखनं आडवा बांबू लावला होता आणि स्वतः बांबूच्या आत उभा होता. आत कुणीतरी वाकलेलं होतं. चांगदेवनं नीट पाहिलं तर कोंडाबाई. तिच्या घरी जनावर नाही, तांब्या बंद झाल्यापासून ती कुणाच्या गोठ्यात गेलेली नाही, तेव्हा तिचा पाय चांगला, असा हिशोब गोरखनं केला होता.

"भाऊ, तुमी हितूनच सांगा," गोरख म्हणाला. "नियम तुमचाच हाय."

"बराबर हाय," चांगदेव म्हणाला.

त्यानं बाहेरून सांगितलं. मावशी, आधी डोकं कुठंय बघा. पाय मागं सारा. कळ येईल तेव्हाच ओढा. कोंडाबाईला सांगावं लागत नव्हतं, तिचे हात अजून सगळं जाणत होते, पण ती प्रत्येक वेळी व्हय चांगदेवा म्हणत होती. वासरू खाली आलं, शिंकलं, धडपडायला लागलं. कास कोमट पाण्यानं धुऊन घ्या, आईचाच चीक द्या, आईची तपासणी झालेली आहे, एवढं सांगितल्यावर त्याच्याकडं सांगण्यासारखं काही उरलं नाही. आत वासराला प्यायला जमत नव्हतं. ते आईच्या पायांत तोंड खुपसत होतं आणि चुकीच्या जागी चोखत होतं. दोन बोटांचं काम होतं. चांगदेवनं दोन्ही हात विजारीच्या खिशात घातले.

बऱ्याच वेळानं वासरू प्यायला लागलं. गोरखची बायको चहा घेऊन बाहेर आली. बांबूपाशी उभं राहून त्यानं कप हातात घेतला, आणि आधी तो उजेडाकडं फिरवून पाहिला. कप त्यांच्या नेहमीच्या वापरातलाच होता, गोरखच्या हातात होता तसाच. चांगदेवला हायसं वाटलं. मग आपण तो फिरवून पाहिला हे ध्यानात आलं, आणि चहा त्याला गिळवेना.